इंटर्न-जेआरला वॉर्डात कसं शिकवायचं: नव्या एसआर आणि लेक्चरर मंडळींसाठी

एमडी-एमएस झालं, एसआर (सीनियर रेसिडेंट) किंवा लेक्चरर म्हणून जॉइन झालात आणि आता तुमच्या हाताखाली दोन-तीन जेआर (ज्युनिअर रेसिडेंट) आणि चार-पाच इंटर्न आहेत. नागपुरातलं मेडिकल असो, मेयो असो, मिहानचं एम्स असो की हिंगण्याकडचं प्रायव्हेट कॉलेज, चित्र साधारण सारखंच, ओपीडीत गर्दी, वॉर्ड फुल्ल, एमर्जन्सीच्या दिवशी खाली गाद्या टाकलेल्या आणि या सगळ्यात पोरांना शिकवायचंही आहे. एनएमसीचा (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा) मेडिकल एज्युकेशनचा बेसिक कोर्स कराच, कामाचा आहे, पण रात्री अडीच वाजता घाबरलेल्या जेआर वनचा, म्हणजे पहिल्या वर्षाच्या जेआरचा, फोन आला की नेमकं काय बोलायचं हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, म्हणून हे लिहितेय.

कँटीनमध्ये ज्युनिअर लोकांना सहज विचारून बघा, कोणत्या युनिटमध्ये शिकायला मिळतं. सगळ्यात हुशार कन्सल्टंटचं नाव पहिलं येईलच असं नाही. जे फोन उचलतात, येतात, आणि आपण काय करतोय ते उभं राहून बघतात, त्यांचं नाव येतं. मला वाटतं सुपरव्हिजनचा अर्धा भाग एवढाच आहे, ज्युनिअरला कधी फोन करायचा हे माहीत असणं आणि फोन केल्याबद्दल त्याला काही भोगावं न लागणं. म्हणून सुरुवात तिथूनच.

फोन कधी करायचा ते पहिल्याच दिवशी सांगा

नवीन पोस्टिंग सुरू झालं की पहिल्या सकाळी दहा मिनिटं काढा आणि स्पष्ट सांगा, या गोष्टी झाल्या तर विचार न करता मला फोन करायचा, वेळ बघायची नाही. सिस्टोलिक ९० च्या खाली आलं, ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन पडतंय, शुद्धीत असलेला पेशंट बडबडायला लागला किंवा उठवूनही उठत नाहीये, सहा तास लघवी नाही, साप चावलेल्या पेशंटच्या पापण्या खाली यायला लागल्या, सिकल सेलच्या पोराला छातीत दुखून दम लागला, नातेवाईक डामा (सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) मागतायत, कोणी गेलं. हे तुमच्या ब्रँचप्रमाणे बदला, गायनॅकमध्ये वेगळं असेल, सर्जरीत वेगळं, पण लिहून ड्युटी रूमच्या भिंतीवर लावा कारण तोंडी सांगितलेलं दुसऱ्या नाईटपर्यंत राहत नाही. आणि शेवटी एक ओळ जोडाच, "नेमकं काय ते सांगता येत नाही पण हा पेशंट मला बरा वाटत नाहीये" हेही फोन करायला पुरेसं कारण आहे. कितीतरी वेळा सिस्टरला किंवा इंटर्नला मॉनिटरच्या आधी कळतं की काहीतरी बिनसतंय, फक्त ते सांगायला त्यांच्याकडे आकडा नसतो.

आता फोन आला की तुमचं पहिलं वाक्य काय असतं याकडे लक्ष द्या, कारण पुढचे सहा महिने त्यावर ठरतात. "हं, बरं झालं फोन केलास, सांग" एवढं पुरतं. "एवढंही येत नाही का" किंवा नुसता उसासा, असं एकदा झालं की तो मुलगा पुढच्या वेळी अंदाजाने काम करेल, सकाळी राउंडला सांगू म्हणेल, आणि त्याची किंमत गडचिरोलीहून किंवा बालाघाटहून रातोरात रेफर होऊन आलेला पेशंट मोजेल. झोपेतून उठल्यावर चिडचिड होते हे खरंय, मलाही होते, पण ती फोन ठेवल्यावर करा.

फोनवर बोलायचं कसं हेही शिकवावं लागतं. एसबार नावाची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात, तिचा अर्थ सोपा आहे, आत्ता काय चाललंय, मागचं काय, तुला काय वाटतं, आणि माझ्याकडून काय हवंय. जेआर वनला असं बोलायची सवय लावा:

"मॅडम, मेल वॉर्डमधला ३५ वर्षांचा पेशंट, आत्ता परत घाम सुटलाय, छातीत दोन्हीकडे क्रेप्स (पाणी साचल्यासारखा आवाज) वाढलेत, पल्स ५८ आहे. दुपारी फवारणीचं औषध (कीटकनाशक) पिऊन आलेला, ॲट्रोपिनचं इन्फ्युजन चालू आहे. मला वाटतं ॲट्रोपिन कमी पडतंय. बोलस देऊन इन्फ्युजन वाढवू का, आणि तुम्ही येऊन बघाल का?"

असा फोन आला की तुम्हाला झोपेतही चित्र दिसतं. शिकवायची संधीही इथेच असते, एका मिनिटाची. "बरोबर पकडलंस, बोलस दे, पाच मिनिटांनी छाती परत ऐक, फरक नसेल तर डोस दुप्पट कर, मी निघतेय. आपल्याला काय हवंय, छाती मोकळी, पल्स ८० च्या वर, सिस्टोलिक ८० च्या वर, काख कोरडी. आणि लक्षात ठेव, छाती ओली असेल तर पल्स जास्त आहे म्हणून ॲट्रोपिन अडवायचं नसतं." हे त्या पोराच्या डोक्यातून आयुष्यभर जाणार नाही, कारण समोर पेशंट आहे. विदर्भात कापूस-सोयाबीनच्या हंगामात ही केस हमखास येते, २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणीतून विषबाधा होऊन किती शेतकरी-मजूर गेले ते आपल्या सगळ्यांना आठवतंय, तेव्हा यातला प्रत्येक जेआर पक्का झालाच पाहिजे.

फोन संपताना तीनपैकी एक काहीतरी नक्की सांगा, फोनवरच बघू, की अर्ध्या तासात परत कळव, की मी येतेय. "बघ काय ते" हे उत्तर नाही, त्यात ज्युनिअर एकटा पडतो. आणि येते म्हणालात तर याच.

राउंडवर व्हायवा नको

आपल्याकडे राउंडवर शिकवणं म्हणजे बऱ्याचदा प्रश्नांची सरबत्ती, जेआर थ्रीपासून सुरू करून खाली इंटर्नपर्यंत, कोणाला उत्तर येत नाही तोवर, आणि मग सगळे मान खाली घालून उभे. विचारणाऱ्याला वाटतं यातून पोरं वाचतात. काही वाचतातही. पण बहुतेकांना त्या दिवशीचा प्रश्न आठवत नाही, बेडवरच्या काकांसमोर आपली गेलेली इज्जत तेवढी आठवते, आणि दुसऱ्या दिवसापासून ते राउंडला मागच्या रांगेत उभे राहायला शिकतात.

त्याऐवजी एक पद्धत आहे, १९९२ मध्ये अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी मांडली, वन मिनिट प्रीसेप्टर म्हणतात. पाच पायऱ्या आहेत, पण पाठ करायची गरज नाही, उदाहरणाने सांगते.

पावसाळ्यात उमरेड किंवा रामटेककडून एक विशीतली मुलगी येते, रात्री खाली चटईवर झोपलेली, पहाटे पोटात दुखायला लागलं, उलटी झाली, आता "डोळे जड होऊन राहिले" म्हणतेय. इंटर्न प्रेझेंट करतो, गॅस्ट्रायटिस वाटतोय, पॅन्टोप्राझोल देऊ का. इथे लगेच दुरुस्त करायला जाऊ नका (पेशंटचा श्वास ठीक आहे हे तुम्ही बघून घेतलंय असं धरते). आधी विचारा, "नेमकं काय वाटतं तुला, एक काहीतरी ठरव." मग, "कशावरून? आणि डोळे जड होणं गॅस्ट्रायटिसमध्ये कुठे बसवशील?" आता गप्प बसा. खरंच गप्प बसा, मनात पाच-सहापर्यंत मोजा, आपल्याला ती शांतता फार मोठी वाटते पण त्याच वेळात तो विचार करत असतो. तिथून तो स्वतः पापण्यांपर्यंत पोचला तर उत्तम, नाही पोचला तर एकच नियम सांगा, दहा नाही: "आपल्याकडे पावसाळ्यात, खाली झोपलेला माणूस, पहाटेची पोटदुखी आणि पापण्या खाली, म्हणजे चावल्याची खूण नसली तरी मण्यार डोक्यात आलाच पाहिजे, मण्यारचा दंश बऱ्याचदा दुखतच नाही." मग जे बरोबर केलं ते सांगा, "ती कुठे झोपली होती हे तू विचारलंस आणि लिहिलंस, त्यामुळेच आपल्याला कळलं." आणि शेवटी काय सुटलं, "पुढच्या वेळी मान उचलायला सांग, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते बघ, आणि दर थोड्या वेळाने परत बघ." ॲन्टिव्हेनमच्या सुरुवातीच्या १० व्हायल आणि लहान मुलालाही मोठ्यांएवढाच डोस का, हे नंतर चहा घेताना, किंवा त्यालाच वाचून यायला सांगा.

एवढ्याला खरोखर तीन-चार मिनिटं लागतात. सगळ्या पेशंटवर नाही करता येत, करूही नका. राउंडमध्ये दोन पेशंट निवडा, बाकीचा राउंड काम म्हणून पटापट करा आणि तसं सांगूनच करा, पोरांना त्याचं काही वाटत नाही.

तुमच्या डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोला

ज्युनिअरला ऑर्डर दिसते, ऑर्डरमागचा विचार दिसत नाही. मे महिन्यात, नागपूरचा पारा ४५ च्या वर, बांधकामावरचा एक मजूर बेशुद्ध, अंग तापलेलं. हीटस्ट्रोक म्हणून आपण थंड करायला घेतो आणि पुढे निघून जातो. तिथेच उभं राहून बोला की, "मला हीटस्ट्रोक वाटतोय पण खात्री नाही, हा गेल्या आठवड्यात गडचिरोलीला घरी जाऊन आलाय म्हणजे सेरेब्रल मलेरियाही असू शकतो, मेनिन्जायटिसही. पण यातल्या कशासाठीही थंड करणं थांबणार नाही, पहिला अर्धा तास महत्त्वाचा आहे, पाणी मारा, पंखा लावा, आइस पॅक लावा, सोबत शुगर बघा, मलेरियाची टेस्ट पाठवा, एलपीचं (पाठीतून पाणी काढून तपासायचं) नंतर ठरवू." यात "खात्री नाही" हा शब्द त्यांनी तुमच्या तोंडून ऐकणं फार गरजेचं आहे. ज्या युनिटमध्ये मोठे लोक "माहीत नाही, बघून सांगते" म्हणतात तिथे छोटे लोक खोटं बोलत नाहीत, न तपासलेलं फंडस (डोळ्याचा पडदा) नॉर्मल लिहीत नाहीत. माझं तर मत असं आहे की केस पेपरवरचं निम्मं खोटं आपणच लिहायला लावतो, न केलेलं कबूल केलं की ओरडा बसतो म्हणून.

उभं राहून बघा

ही सगळ्यात कमी होणारी गोष्ट आहे. इंटर्नशिप संपते तरी त्या मुलीला पोट तपासताना एकाही सीनियरने पूर्ण बघितलेलं नसतं, असं सहज होऊ शकतं. तिने आपल्याला सांगितलं लिव्हर दोन बोटं, आपण ऐकून घेतलं, हात कसा ठेवला ते बघितलंच नाही. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये एक पिरॅमिड मांडला होता, माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष करणं. आपल्या परीक्षा बऱ्याचशा खालच्या दोन पायऱ्यांवर चालतात आणि वॉर्डातला पेशंट सगळ्यात वरच्या पायरीवर असतो.

मिनी-सीईएक्स (Mini-CEX) नावाचा फॉर्म कॉलेजने दिला असेल, तो याच्यासाठीच आहे, पेशंटसोबत पंधरा-वीस मिनिटं बघायचं आणि लगेच पाच मिनिटं बोलायचं. ओपीडीत तेवढा वेळ नाही हे मान्य, म्हणून तुकडा बघा. आज फक्त हिस्ट्रीची पहिली दोन मिनिटं, पेशंटला ती किती वेळ बोलू देते. उद्या फक्त स्प्लीन (प्लीहा) कशी बघते. परवा फक्त नातेवाइकांना डिस्चार्ज कसा समजावते. बाजूला उभे राहा, मध्ये बोलू नका, पेशंटला आधीच सांगा की "मावशी, ह्या मॅडम तपासतील, मी इथेच आहे."

बेडसाइडला उभं राहिलं की पुस्तकात नसलेलं शिकवताही येतं. सिकल सेलमध्ये लहानपणीच स्प्लीन सुकून जाते असं पोरं वाचून येतात, पण आपल्याकडच्या पेशंटमध्ये एचबीएफ (गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन) जास्त असतं, स्प्लीन बरीच वर्षं टिकते आणि मोठ्या माणसातही हाताला लागते. ते जेआरच्या हाताला स्वतः लागू द्या, तुम्ही आधी सांगू नका.

बाहेरच्या राज्यातून ऑल इंडिया कोट्यातून आलेले जेआर असतात, त्यांच्यासाठी एक छोटी गोष्ट, पहिले दोन-तीन महिने त्यांची जोडी इकडच्या इंटर्नशी लावा. "दम भरून राहिला", "अंगात कसकस होऊन राहिली" हे त्यांना समजत नाही आणि विचारायची लाज वाटते. इंटर्न भाषा सांगते, जेआर मेडिसिन सांगतो, दोघांचं भलं होतं.

प्रोसिजर

पहिला प्रश्न, हात धुवायच्या आधी: "याआधी किती वेळा केलंय?" आणि जे उत्तर येईल ते सरळ मान्य करायचं, "अजून केलंच नाही?" असा सूर नको. एकदा बघ, एकदा कर, मग दुसऱ्याला शिकव, हा जुना खाक्या आता सोडायला हवा. २०१९ पासूनच्या सीबीएमई (क्षमतेवर आधारित) अभ्यासक्रमात डीओएपी आहे, म्हणजे आधी दाखवणं, मग त्याने बघणं, मग हाताखाली मदत, मग स्वतः करणं. कागदावर न ठेवता खरंच तसं करा. मला स्वतःला पेटनची पद्धत फार आवडते, आधी न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवायचं, मग प्रत्येक पायरी समजावत हळू, मग तो सांगेल आणि तुम्ही कराल, आणि शेवटी तो सांगत सांगत स्वतः करेल. तिसरी पायरी सोन्यासारखी आहे, त्यालाच तोंडाने सांगायला लावलं की कुठे अडतोय ते सुई टोचायच्या आधीच कळतं. एलपी, प्ल्युरल टॅप, एपिसिओटॉमीचे टाके, सगळ्याला चालते.

सुरू करायच्या आधी ठरवून घ्या, "दोनदा प्रयत्न कर, नाही जमलं तर मी घेईन." मग तुम्ही सुई हातात घेतली तर त्याला अपमान वाटत नाही आणि पेशंटला पाच वेळा टोचलं जात नाही.

इंटर्नच्या पहिल्या दिवशी अजून एक सांगायचं असतं जे बऱ्याच ठिकाणी सुटतं. सुई टोचली तर काय. साबण-पाण्याने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, लगेच सीनियरला सांगायचं, पीईपी (एचआयव्ही टाळायची औषधं) जितकं लवकर तितकं चांगलं, शक्यतो दोन तासांच्या आत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. औषध रात्री कुठे मिळतं, कोणाला फोन करायचा, हे त्यांना चालत नेऊन दाखवा. हिपॅटायटिस बीचे डोस झालेत का तेही विचारा. सुई टोचल्याचं लपवणारी पोरं असतात, रागावतील म्हणून, तेव्हा "सांगितलंस ते बरं केलंस" हेच वाक्य इथेही.

फीडबॅक

"गुड", "बरंय", "सुधार" याचा कोणाला काही उपयोग नाही. फीडबॅक म्हणजे मी काय बघितलं ते सांगणं. नमुना देते: "त्या आजीला इन्सुलिन समजावताना तू घरी फ्रीज आहे का विचारलंस, नाही म्हटल्यावर ओल्या माठात कसं ठेवायचं ते सांगितलंस, उन्हाळ्यात इथे ते फार गरजेचं आहे, छान केलंस. शुगर कमी झाली तर काय करायचं ते मात्र राहिलं. आत्ता जाऊन सांगून ये, आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घे." चांगलं काय ते नेमकं, राहिलं काय ते एकच, आणि सुधारायची संधी आत्ताच. त्याच दिवशी द्या, महिन्याच्या शेवटी दिलेला फीडबॅक कोणाला जोडता येत नाही.

रागवावं लागलं तर बाजूला घेऊन. पेशंटसमोर इंटर्नला झापलं की दुपारी तोच पेशंट तिला सांगतो, "तुम्ही नको, मोठे डॉक्टर पाठवा," आणि मग पुढचे चार दिवस तिला त्या बेडवर काम करता येत नाही. नीटची रँक, कोटा, कॅटेगरी, मुलगी म्हणून सर्जरीत कशाला आलीस, हे विषय कोणत्याही कारणाने तोंडातून निघता कामा नयेत, गमतीतही नाही, आणि युनिटमध्ये दुसरं कोणी बोलत असेल तर तिथल्या तिथे थांबवायचं. या बाबतीत मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

काम आणि शिकणं

सॅम्पल नेणं, ट्रॉली ढकलणं, एक्सरे आणणं, जन आरोग्य योजनेचे कागद, इंटर्नचा दिवस यात जातो. माणसं कमी आहेत हे त्यांनाही कळतं, कामाला ते नाही म्हणत नाहीत, आख्खा दिवस तेवढंच असेल तर मन उडतं. तुम्ही स्टाफ वाढवू शकत नाही पण कामाला एक धागा जोडू शकता. एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) घेऊन गेलीस ना, रिपोर्ट तूच वाच आणि मला फोनवर सांग काय डिसऑर्डर आहे. सीटीला पेशंट नेलास ना, फिल्म बघून ये, रिपोर्ट यायच्या आधी तुला काय दिसलं ते सांग. आणि टीचिंगच्या तासाला सोडायचं म्हणजे सोडायचं, तेवढा वेळ वॉर्डचा फोन दुसऱ्याकडे.

इंटर्न नीट पीजीची तयारी करतात, ड्युटी रूममध्ये मोबाइलवर एमसीक्यू सोडवत बसतात, यावर टोमणे मारून काही होत नाही, त्यांचं पुढचं सगळं त्या परीक्षेवर आहे. वॉर्डात येऊन काही शिकायला मिळतंय असं दिसलं की ती पोरं आपोआप येतात.

झोपेबद्दल. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी हॉस्पिटलमध्ये दगावली, तिथून थकलेले रेसिडेंट आणि त्यांच्यावरचं सुपरव्हिजन यावर मोठी चर्चा सुरू झाली आणि २००३ मध्ये अमेरिकेत देशभर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. आपल्याकडे एनएमसीच्या टास्क फोर्सने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नको आणि एक दिवस सुट्टी अशी शिफारस केली, प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या हातात काय आहे तर युनिटचं रोस्टर. एमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी त्याच जेआरला सेमिनार देऊ नका, दुपारी सोडा, सोडल्यावर फोन करून "तो फॉर्म कुठे ठेवलास" विचारू नका. ड्युटी रूमला आतून कडी आहे का, मुलींसाठी वेगळी जागा आहे का, हे एकदा स्वतः जाऊन बघा, कोलकात्यात २०२४ मध्ये हॉस्पिटलमध्येच ड्युटीवरच्या रेसिडेंटवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर तरी हे कोणी सांगायची वाट बघू नये.

हँडओव्हर

हा थोडक्यात, कारण करायला सोपा आहे. सकाळी आणि रात्री, ठरलेल्या वेळी, बेडजवळ किंवा बोर्डसमोर, सगळ्यात सिरियस पेशंट आधी. प्रत्येकाचं एवढंच, किती सिरियस आहे, थोडक्यात काय, काय करायचं राहिलंय, रात्री काय होऊ शकतं आणि झालं तर काय करायचं, आणि घेणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं. आय-पास म्हणून हीच पद्धत अमेरिका-कॅनडातल्या नऊ हॉस्पिटलमध्ये करून बघितली होती, २०१४ मध्ये निकाल छापला, मेडिकल एरर २३ टक्क्यांनी कमी झाले. आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः तिथे उभे राहा.

काही चुकलं, कोणी गेलं

इथे ज्युनिअर तुम्हाला कायमचं ओळखतात. पेशंट गेला की नातेवाइकांना सांगायला इंटर्नला किंवा जेआर वनला एकटं कधीच पाठवू नका. तुम्ही पुढे, तो सोबत. कुठे उभं राहायचं, आधी त्यांना बसवायचं, "वाचवू शकलो नाही, ते गेले" हे स्पष्ट शब्दात बोलायचं, एक्सपायर, कोलॅप्स असले शब्द नको, मग थांबायचं, रडू द्यायचं, प्रश्न येऊ द्यायचे. हे तो तुमच्याकडे बघून शिकतो, लेक्चरमधून शिकता येत नाही. सिक्युरिटीला आधी सांगून ठेवा. मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तक्रार संस्थेने करायची असते, त्या पोराला एकट्याला पोलीस स्टेशनच्या चकरा मारायला लावू नका.

ज्युनिअरकडून चूक झाली असेल तर क्रम असा, आधी पेशंट सांभाळायचा, मग त्या ज्युनिअरला, मग कागद, खरे आणि वेळेसह लिहिलेले. त्याच दिवशी संध्याकाळी दहा मिनिटं बसा, काय झालं ते त्याला सांगू द्या, मध्ये तोडू नका. चूक त्याच्या एकट्याची क्वचितच असते, दोन सारख्या दिसणाऱ्या ॲम्प्यूल एकाच ट्रेमध्ये होत्या, एक माणूस चाळीस पेशंट बघत होता, फोन कोणी उचलला नाही. त्यातलं जे बदलता येतं ते दुसऱ्या दिवशी बदला आणि बदललेलं सगळ्यांना दाखवा. आणि मग त्या मुलावर लक्ष ठेवा, गप्प झाला, जेवायला येत नाही, ड्युटीला उशिरा येतोय, तर सरळ विचारा की जगायची इच्छा कमी झालीये असं वाटतं का. असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार भरत नाही. सायकियाट्रीतल्या एखाद्या विश्वासू सहकाऱ्याकडे स्वतः घेऊन जा, टेली-मानसचा १४४१६ हा नंबर ड्युटी रूममध्ये लावून ठेवा, आणि ही गोष्ट युनिटमध्ये चघळली जाणार नाही एवढं बघा.

पोस्टिंग संपताना

लॉगबुक शेवटच्या दिवशी गठ्ठ्याने साइन करू नका, बघितलं त्याच दिवशी करा, नाही बघितलं तर "मला करून दाखव, मग करते" म्हणा. संपायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला पाच मिनिटं द्या, काय चांगलं जमतं, पुढच्या पोस्टिंगमध्ये कशावर काम करायचं, आणि त्याला विचारा की माझ्याकडून काय उपयोगी पडलं, कधी फोन करायची भीती वाटली का, कुठल्या वेळी एकटं वाटलं. समोरासमोर बोलणार नाहीत असं वाटलं तर नाव न घालता चिठ्ठी लिहून द्यायला सांगा आणि जे येईल त्यावर सफाई देऊ नका, ऐकून घ्या. मग त्याच्या पुढच्या युनिटच्या लेक्चररला एक फोन करा, "ही मुलगी येतेय, हिस्ट्री उत्तम घेते, एलपी अजून दोनदाच केलीये, सोबत कोणीतरी उभं ठेवा."